माझ्यासमोर वाचून दाखवले

१२ जानेवारी

प्रिय ठकू,

तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस. परवा तुझ्या वहिनीच्या फोनवरून लावला तर उचललास, आणि माझा आवाज ऐकताच ठेवलास. म्हणून आता पत्र. पत्र फाडून टाकायचं असलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

दाजींचे डोळे कसे आहेत? तुझ्या दिरांनी वरची खोली मोकळी करून दिली आणि तिथे उजेड चांगला येतो, एवढं वहिनीकडून कळलं. ब्रश, रोलर, शिडी सगळं विकून टाकलं असंही ती म्हणाली. इतकी घाई करायला नको होती. नजर सुधारली की रंगकामाला सामान लागेलच.

इकडे सगळं नेहमीसारखं. केसपेपरच्या खिडकीला नवी काच बसवली आहे. बोलायचं भोक इतकं खाली पाडलंय की प्रत्येक पेशंटला माझ्यापुढे वाकून नाव सांगावं लागतं. म्हातारी माणसं नाव सांगतात आणि मग कंबर धरून उभी राहतात. भोक वर घ्या म्हणून मी दोनदा अर्ज दिला. कोण ऐकतंय.

ऑगस्टपासून तू बोलत नाहीस. तुझा राग मला कळतो. पण ठकू, जरा माझ्या जागी उभी राहून बघ. दाजींना काही न सांगता त्या नव्या गोळ्यांच्या संशोधनात घेतलं, अशी तू तक्रार केलीस. अधीक्षकांनी मला बोलावलं. टेबलावर दाजींचं संमतीपत्र. खाली दाजींचा अंगठा आणि बाजूला साक्षीदार म्हणून माझी सही. सहीच्या वर छापलेलं होतं, 'सर्व माहिती माझ्यासमोर वाचून दाखवली व ती समजल्यावर सदर व्यक्तीने स्वखुशीने अंगठा दिला.' त्यांनी विचारलं, हे बरोबर आहे का. मी हो म्हटलं. सोळा वर्षं त्या खिडकीत काढली आहेत. स्वतःची सही नाकारायची कशी?

आणि दाजी तिथेच तर बसले होते. खोटं असतं तर ते काही बोलले नसते का?

वहिनी म्हणते, पत्रात असलं काही लिहू नका, नुसती खुशाली विचारा. तेव्हा इथेच थांबतो. दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
दादा


३ फेब्रुवारी

ठकू,

उत्तर येणार नाही हे धरूनच हे दुसरं पत्र लिहितोय. लिहायचं मनात नव्हतं. पण सोमवारपासून जेवण जात नाही.

सोमवारी सकाळी खिडकीवर एक बाई आली. काचेच्या भोकातून तिनं एक कागद आत सरकवला. संमतीपत्राची झेरॉक्स. ती तिनं भांडून मिळवली होती.

"ही सही तुमची का?"

मी बघितलं. "माझी."

"मग तुम्हीच सांगा. माझ्या नवऱ्याला यातलं काय काय वाचून दाखवलं होतं? तो म्हणतो काहीच नाही. संशोधनाच्या मॅडम म्हणतात सगळं. साक्षीदार तुम्ही. तुम्ही होतात ना तिथे?"

मागे रांग होती. मी विचारलं, झालंय काय. तिचा नवरा शाळेची बस चालवतो. गेल्या आठवड्यात त्यानं चौकात लाल दिवा ओलांडला. "बत्तीस पोरं होती मागे," ती म्हणाली. "मी म्हटलं डुलकी लागली का, तर म्हणतो दिवा लाल दिसलाच नाही. सगळेच दिवे सारखे दिसतात म्हणतो."

मी तिला म्हटलं, त्यांना आजच डोळ्यांच्या विभागात दाखवा, केसपेपर मी आत्ता काढतो, आणि तोवर गोळी देऊ नका.

"गोळी थांबवली तर चालेल? मॅडम म्हणाल्या, मध्येच सोडलं तर पुढचे उपचार मिळणार नाहीत."

मला माहीत नव्हतं ठकू. खरंच माहीत नव्हतं. म्हटलं, कागद ठेवून जा, मी वाचतो.

जेवणाच्या सुट्टीत वाचला. अकरा पानं. मी ती पहिल्यांदाच वाचत होतो. दुसऱ्या पानावर लिहिलंय की या संशोधनातून कधीही बाहेर पडता येतं, कारण सांगावं लागत नाही, आणि नेहमीचे उपचार थांबत नाहीत. सहाव्या पानावर जे आहे ते तसंच उतरवतो. 'काही व्यक्तींमध्ये या औषधामुळे दृष्टी धूसर होणे किंवा रंग, विशेषतः लाल व हिरवा, ओळखण्यात अडचण येणे असे आढळले आहे. तसे झाल्यास औषध त्वरित थांबवून संशोधन करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. वेळेत थांबवल्यास दृष्टी बहुधा पूर्ववत होते.'

डबा उघडलाच नाही.

जूनमध्ये दाजींनी एका गिऱ्हाईक बाईंचं स्वयंपाकघर रंगवायला घेतलं होतं. त्यांनी सांगितला हिरवा, आणि दाजींनी कालवला तो मातकट तपकिरी. बाई भांडल्या. दाजी घरी येऊन म्हणाले, डब्यावरचं लेबलच चुकलंय. सव्वीस वर्षं नुसत्या नजरेनं रंग कालवणारा माणूस तो. त्यानंतर अजून सहा आठवडे ते गोळ्या घेत राहिले.

आता लिहूनच टाकतो. मी तिथे नव्हतो. दाजींनी अंगठा दिला तेव्हा मी त्या खोलीत नव्हतो. कुणाच्याच वेळी नव्हतो. संशोधनाच्या फाइली सांभाळणाऱ्या मॅडम दुपारी कागदांचा गठ्ठा घेऊन खिडकीवर यायच्या. "सर, तेवढ्या सह्या." ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घेताना एक साक्षीदार लागतो, आणि त्याचा संशोधनाशी काही संबंध नसावा लागतो. माझा संबंध नव्हता, म्हणून मी. अख्ख्या दवाखान्यात मला सर म्हणणाऱ्या त्या एकट्याच. बाकी सगळे 'ओ खिडकी' म्हणतात.

दादा


११ फेब्रुवारी

ठकू,

मागचं पत्र पेटीत टाकून घरी आलो आणि तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबला नाही.

"म्हणजे ऑगस्टात तुम्ही अधीक्षकांसमोर खोटं बोललात."

मी म्हटलं, सही समोर होती, नोकरीचा प्रश्न होता, अचानक विचारलं.

"मी विचारलं, खोटं बोललात का."

"हो."

"मग तेवढंच म्हणा." तिनं पुढचा शर्ट घेतला. "आणि ठकूला तरी पूर्ण कळवलंत का, की तिथेही निम्मंच?"

निम्मंच कळवलं होतं. सोळा वर्षं मी लोकांना म्हणतोय, अर्जात सगळं भरा, अर्धवट चालणार नाही.

मागच्या पत्रावरून तुला वाटलं असेल की गठ्ठ्यातला एक कागद नकळत माझ्या हाताखालून गेला. तसं नाही. त्या दिवशी सात कागद होते, दाजींचा तिसरा. मी नाव वाचलं. पेन थांबलं. मॅडमना विचारलं, "यांना सगळं सांगितलंय ना?" त्या म्हणाल्या, "तुमचेच ना ते? छान समजावलंय सर." दाजी तेव्हा समोरच्या बाकावर बसले होते, एक्स-रेची वाट बघत. दहा पावलांवर. त्यांनी माझ्याकडे बघून हात केला. मीही केला, आणि मग सही केली. उठून दहा पावलं जायचं आणि विचारायचं, दाजी, तुम्हाला नेमकं काय सांगितलं? एवढंही मला जमलं नाही.

त्यांना तिथे मीच पाठवलं होतं, ते तुला माहीत आहे. खोकला हटत नव्हता, तू काळजीत होतीस. मी म्हटलं, मोठे डॉक्टर आहेत, तपासणी चांगली होते, जा. संशोधन हा शब्द मी मुद्दामच काढला नाही. काढला असता तर तू शंभर प्रश्न विचारले असतेस, आणि मला एकाचंही उत्तर देता आलं नसतं.

आता राहिलं शेवटचं. त्या स्वयंपाकघराच्या भांडणानंतर तू मला फोन केला होतास. तू काय म्हणालीस ते मला पाठ आहे. "दादा, त्या गोळ्यांनी डोळ्यांना काही होत नाही ना?" आणि मी म्हटलं, "छे गं, पन्नाशी आली, चष्मा लागला असेल." भाऊ दवाखान्यात आहे, विचारून सांगत असेल, असं तू धरून चाललीस. मी कुणालाच विचारलं नव्हतं. कोऱ्या संमतीपत्रांची एक चळत माझ्याच टेबलाच्या खणात होती. सहावं पान उघडलं असतं तर दाजींचे ते सहा आठवडे वाचले असते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की खोटं असतं तर दाजी बोलले असते. ते का बोलले नाहीत हे मला तिथे बसल्या बसल्याच कळलं होतं. मेव्हण्याची नोकरी जाईल म्हणून ते गप्प राहिले. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "मला नको सांगूस दादा, त्यांच्याकडे बघून सांग." मी घड्याळात बघितलं आणि खिडकीवर परत गेलो.

फोनची गोष्ट वहिनीलाही आजच सांगितली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. आता दोघीही नाही.

दादा


२६ फेब्रुवारी

ठकू,

बसचालकाच्या डोळ्यांची तपासणी झाली. गोळ्या बंद आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात, महिना दोन महिन्यांत सुधारेल. शाळेनं त्याला सध्या फाटकावर बसवलंय. त्याची बायको हे सांगायला खिडकीवर आली, पण लगेच गेली नाही.

"तुम्ही तिथे होतात का, ते अजून सांगितलं नाहीत."

"नव्हतो," मी म्हटलं.

"मग हे मला कशाला सांगताय? जिथे सांगायला पाहिजे तिथे सांगा."

संमतीपत्राच्या अकराव्या पानावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर आहे. संशोधनात घेतलेल्या माणसांची काळजी वाहायला ही कमिटी असते, आणि दवाखान्याबाहेरची माणसंही तिच्यात असतात. तुम्हाला संमतीपत्राची प्रत कधी दिलीच नव्हती, म्हणून तो नंबर तुला कळला नाही आणि तू अधीक्षकांकडे गेलीस. मी फोन केला. दुसऱ्या दिवशी कमिटीतल्या एका बाईंनी बोलावलं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. डॉक्टरांमध्ये साध्या माणसाच्या वतीनं बसतात.

"किती सह्या?"

"एक्केचाळीस."

"आणि खोलीत किती वेळा होतात?"

"एकदाही नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लिहून द्या. काही गाळू नका. शुद्धलेखन मी तपासणार नाही."

चार पानं लिहून दिली. ती बातमी कशी फिरली कोण जाणे, संशोधनाच्या मोठ्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं, चहा मागवला. त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "बहिणीसाठी जीव तुटतो, मी समजू शकतो. पण कमिटी विचारेल, ऑगस्टात खोटं बोललात की आता बोलताय? काय सांगणार?" मग म्हणाले, "या गोळ्यांनी कितीतरी लोकांना श्वास घेता येईल. ते अडवायचंय का तुम्हाला?" दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. ते वाईट माणूस नाहीत, तिथेच तर सगळी पंचाईत आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र रस्त्यानं चालताना सुचलं. संमतीपत्रावर अंगठ्याची वेळ लिहितात, आणि साक्षीदाराचीही तीच. मॅडम दोन्ही वेळा आधीच लिहून आणायच्या. आणि मी खिडकीवर काढलेल्या प्रत्येक केसपेपरवर तारीख, वेळ आणि माझा नंबर छापला जातो. कमिटीच्या बाईंनी एक्केचाळीस जणांच्या तारखा आणि वेळा दिल्या, नावं झाकून. खिडकीची नोंद बघायला मला परवानगी मिळवून दिली. ते कागद घरी घेऊन बसलो, तर वहिनी समोर येऊन बसली. तिनं वेळ वाचायची, मी शोधायचं. पंधरा दिवसांत ती माझ्याशी बोलली ते एवढंच, दहा पंचावन्न, बारा पाच, एक दहा.

दाजींची वेळ सतरा एप्रिल, अकरा वीस. अकरा वीसला मी एका बाळाचा केसपेपर काढत होतो. अकरा एकवीसला त्याच्या आजीचा.

अडतीस वेळा जुळल्या, म्हणजे त्या मिनिटाला मी खिडकीतच होतो. उरलेल्यांपैकी दोन जेवणाच्या सुट्टीतल्या. एका दिवशी मी रजेवर होतो.

दादा


२० मार्च

ठकू,

चार दिवसांपूर्वी कमिटीच्या चौकशीला तुम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसला होतात. मी तुमच्यासमोरून आत गेलो आणि तसाच बाहेर आलो. दाजींना आत नेलं तेव्हा मला बाहेर काढलं होतं, त्यामुळे ते काय बोलले मला माहीत नाही. माझ्यापुढे जे झालं ते लिहितो.

कमिटीतल्या वकीलबाईंनी सुरुवात केली. "ऑगस्टात हो म्हणालात, आज नाही म्हणता. आम्ही कोणत्या दिवशीचं खरं मानायचं?"

मी म्हटलं, "माझं काहीच मानू नका. वेळा बघा." आणि नोंदी पुढे ठेवल्या. त्यांनी स्वतः पेन घेऊन एकेक वेळ जुळवली. पाच-सहा झाल्यावर थांबतील असं वाटलं होतं. थांबल्या नाहीत. एक्केचाळीसही बघितल्या.

मग विचारलं, "हे रंगारी तुमचे कोण?"

"धाकट्या बहिणीचे यजमान."

"मग त्यांच्या कागदावर तुम्ही साक्षीदार म्हणून चालतच नव्हता. नातेवाईक तटस्थ कसा?"

मी म्हटलं, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

टेबलाच्या टोकाकडून शिक्षिकाबाई म्हणाल्या, "तुम्ही विचारलंही नव्हतं." रागानं म्हणाल्या नाहीत. वहीत चूक दाखवावी तसं म्हणाल्या.

फाइलवाल्या मॅडमना बोलावलं. मला वाटलं, त्या माझ्यावर ढकलतील. त्या म्हणाल्या, "रोज सात माणसं हवीत असं सांगायचे. अकरा पानं नीट वाचून समजवायला दीड तास लागतो. सात गुणिले दीड तुम्हीच करा." मग मोठ्या डॉक्टरांकडे बघून म्हणाल्या, "मी हे तुम्हाला दोनदा लिहून कळवलंय." डॉक्टर म्हणाले, मी फाइली पूर्ण आहेत का ते बघत होतो, आणि त्या पूर्ण होत्या. फाइली पूर्ण होत्या हे खरंच आहे. मीच पूर्ण केल्या होत्या.

निर्णय तुला लेखी येईल. थोडक्यात सांगतो. नवीन माणसं घेणं थांबवलंय. जे आत आहेत त्या सगळ्यांचे डोळे या आठवड्यातच तपासायचे. प्रत्येकाला अकराही पानं त्याच्या बोलीत वाचून दाखवायची, प्रत हातात द्यायची, आणि राहायचं की जायचं ते पुन्हा विचारायचं. राहिलं नाही तरी त्याचे उपचार चालू राहणार. दाजींच्या तक्रारीवर ऑगस्टात जो शेरा मारला होता, 'माहिती असूनही वेळेत कळवले नाही', तो रद्द केला. त्यांच्या डोळ्यांचे सगळे उपचार संशोधनाकडून होणार, आणि भरपाईसाठी त्यांनी अर्ज करायचा आहे.

पहिल्या दोन दिवसांत अजून चार जण सापडले, रंग नीट न ओळखता येणारे. एक शिंपीणबाई आहेत. दोऱ्याचा रंग जुळत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत बसल्या होत्या. चौघांच्याही गोळ्या बंद केल्या. चौघांनाही बहुधा बरं वाटेल. डॉक्टरीणबाईंना मी दाजींचं विचारलं. त्या म्हणाल्या, आता आहे तेवढं टिकवायचं बघू.

मला खिडकीवरून काढलं. चौकशी चालू राहील तोवर तळघरात जुन्या फाइलींकडे. वहिनी म्हणाली, बरं झालं, तिथे सह्या मागायला कुणी येणार नाही. ती परत बोलायला लागली आहे, ते असं.

दादा


२ मे

ठकू,

'अर्जाचे कागद घेऊन ये, मी घरी नसेन,' असा निरोप तू वहिनीजवळ दिलास. रविवारी आलो. तू नव्हतीस, म्हणून तिथे काय झालं ते कळवतो. दाजी सगळं सांगतीलच असं नाही.

ते दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. माझ्याकडे बघण्यासाठी त्यांनी मान थोडी बाजूला वळवली. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं म्हणाले. "तुझा कान छान दिसतोय," असंही म्हणाले. मला हसावं की काय करावं कळेना.

मी पिशवीतून अर्ज काढला. ते म्हणाले, "आधी तो जुना वाच."

"कुठला?"

"ज्यावर मी अंगठा दिला तो. तो अजून मला कुणी वाचून दाखवलेला नाही."

खरंच नव्हता दाखवला. कमिटीनं संशोधनात असलेल्यांना वाचून दाखवायला सांगितलं, आणि दाजी तर जुलैतच बाहेर पडले होते. कमिटीनं अर्जाबरोबर दिलेली त्यांची प्रत माझ्याजवळ होती. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. अवघड शब्द आला की थांबून साध्या शब्दांत सांगत होतो. ते मधून मधून विचारत होते. दुसऱ्या पानावर म्हणाले, "कधीही सोडता येतं?"

"हो."

"कारण न सांगता?"

"हो."

"आणि मी एकदा नको म्हटलं तर त्या मॅडम म्हणाल्या, आता नाव चढलंय. बरं, पुढे."

सहाव्या पानाशी मी थांबलो. त्यांना ते कळलं. "वाच," म्हणाले. मी वाचलं. "परत वाच." परत वाचलं. खाली कुणीतरी नळाखाली बादली लावली होती, ती भरून वाहायला लागली.

"हे ऐकून मी गोळ्या घेतल्याच नसत्या, असं नाही," ते म्हणाले. "खोकून खोकून जीव मेटाकुटीला आला होता. घेतल्या असत्या. पण ती भिंत मातकट दिसली ना, त्याच दिवशी थांबलो असतो. त्याऐवजी दुकानात जाऊन त्या डबेवाल्याला शिव्या घालून आलो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष."

मी म्हटलं, "दाजी, ऑगस्टात तुम्ही माझ्यासाठी..."

"ते राहू दे. किती पानं राहिली?"

"पाच."

"वाच."

दीड तास लागला, अगदी मॅडम म्हणाल्या तेवढाच.

मग भरपाईचा अर्ज. तोही सगळा वाचला. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. मी 'दृष्टी कमी झाली' लिहिलं होतं. ते म्हणाले, "काम गेलं असंही लिही. दोन्ही वेगळं आहे." अंगठ्याला साक्षीदार हवा होता आणि मी तर चालत नाही. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना बोलावलं. ते डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर सरकवून तसेच वर आले. मी पेन पुढे केलं.

"आधी वाचा तर खरं," ते म्हणाले. "कशावर सही करतोय ते कळायला नको?"

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ते उभ्यानं ऐकत होते. संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, दाजींना विचारलं, "हे असंच झालं ना? आणि तुमच्या मनानं करताय?" दाजी म्हणाले, "हो." दाजींनी अंगठा दिला. मग घड्याळजींनी मनगटावर बघून वेळ घातली आणि सही केली.

निघालो तर जिन्यात तू येत होतीस, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. तू भिंतीला लागून उभी राहिलीस, मला वाट दिलीस. मी म्हटलं, "वाचून झालं."

तू म्हणालीस, "सगळं?"

"अकराही पानं. आणि अर्ज दोनदा."

तू वर गेलीस.

ऑगस्टनंतर तू माझ्याशी बोललीस तो एवढा एकच शब्द. मी त्याचा भलता अर्थ काढत नाही. तू विचारलंस आणि मला खरं उत्तर देता आलं. मग खालच्या पायरीवर थोडा वेळ बसून राहिलो, आणि वरून दाजींचा आवाज यायला लागल्यावर उठलो. ते तुला सहावं पान सांगत होते.

दादा